न लावलेला घोडा

शनिवारी रात्री रेसचं पुस्तक उघडतो
आणि आधी खोडायला घेतो.
पहिली शर्यत, कधीच न जिंकलेल्यांची. खोड.
दुसरी, हजार मीटर, चौदा घोडे,
म्हणजे डेक्कनचा सिग्नल सुटताना. खोड.
तिसरीत एक आवडतो,
पण पाठीवर गेल्या खेपेपेक्षा सहा किलो जास्त.
खोड. जरा रेंगाळून.

असं करत आठातली एक उरते.
कधी तीही नाही. अशा रविवारी मी
कॅम्पात जातो, खारे दाणे खातो,
कठड्याला टेकून घोडे बघतो आणि परत येतो.
पोपट शिरोळकर म्हणतो, हे म्हणजे
लग्नाला जाऊन न जेवता येणं.
म्हटलं, आहेराचं पाकीटही खिशातच राहतं ना.

एकतीस वर्षं मी शिमला ऑफिसात
पावसाची मापं वाचली, दशांशापर्यंत.
खूप पडल्यासारखा वाटला म्हणून
तिथे कुणी 'खूप' लिहीत नाही.
आणि रविवारी हाच माणूस
रिंगमध्ये कुणी कानाशी कुजबुजलं
की पगाराचं पाकीट फोडायचा.

शहाऐंशी साली, आठव्या शर्यतीत,
आधीच्या सातांचं उट्टं काढताना
लॅम्ब्रेटा गेली.
विकली, असं म्हणायला हवं.
पण गेली.
ईस्ट स्ट्रीट, लकडी पूल, कर्वे रोड,
चालत कोथरूड.
सुनीती दारात उभी. तिने माझ्याकडे नाही,
माझ्यामागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं,
जिथे स्कूटर लागायची.

मग ही वही.
रकाने: घोडा, माझा भाव, त्यांचा भाव, निर्णय.
निकालाचा रकाना सुनीतीने आखून दिला,
सगळ्यात अरुंद.

या रविवारी उरली सहावी. चौदाशे मीटर.
नाइट पोस्टमन.
तीन दिवसांत सव्वीस पूर्णांक चार मिलिमीटर,
ओल मुळांपर्यंत उतरलेली,
आणि हा ओल्या गवतातच मन लावून धावणारा.
पॅडॉकमध्ये कान पुढे, घाम नाही,
मोतद्दाराच्या खांद्याला नाक घासत चाललेला.
वहीत रात्रीच लिहिलं होतं: एकाला चार. त्याखाली नाही.

रिंगमध्ये गेलो तेव्हा पाच होता.
चष्मा पुसला. चार.
दोन माणसं मध्ये आली, एक छत्री आली,
बुकीने ओल्या फडक्याने पाटी पुसली
आणि अडीच लिहिलं.

मंडईत भाव पडला की पिशवी पुढे करायची,
इथे भाव पडला की हात मागे.
हे हाताला पटवायला मला
सहा वर्षं लागली होती.
हात तरीही खिशात गेला.
नोटांच्या कडा मोजल्या, अंगठ्याने, आतल्या आतच.
पोपट ओरडला, "अहो, घोडा तोच आहे!"
घोडा तोच होता. खरंय.
किंमत ती नव्हती.

वळणावर तो पाचवा. मग बाहेरून निघाला,
जसा निघेल म्हणून मी लिहिलं होतं, तसाच.
तीन लांबींनी.
भोवती लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते.
माझीही एकाने थोपटली, चुकून.

घरी सुनीतीने विचारलं, किती?
म्हटलं, शून्य.
तिने चहा ठेवला. दोन कप,
म्हणजे सगळं ठीक.

वही काढली.
नाइट पोस्टमन. चार. अडीच. सोडला.
अरुंद रकान्यात: पहिला.
आणि 'सोडला' च्या पुढे लिहिलं, बरोबर.
इतकं दाबून लिहिलं, की पान उलटलं तर
पुढच्या रविवारच्या कोऱ्या कागदावरही
तो शब्द उठलेला,
शाईशिवाय.